गोल्फ मैदानाची रोजची निगा : गवत, पाणी आणि माणसे

गोव्यात गोल्फ मैदानाचा विषय निघाला की चर्चा जमिनीपासून सुरू होते आणि परवान्यांपाशी थांबते. पेडणे तालुक्यातील तेरेखोल गावात नियोजित गोल्फ मैदानावरून गेल्या दशकात जे आंदोलन उभे राहिले, जे खटले चालले, त्यांतही कुळांचे हक्क, काजूच्या बागा आणि जमिनीचा वापर हेच मुद्दे अग्रभागी होते. ते योग्यच होते. कूळ कायद्याखाली कुळाकडे आलेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास गोव्यात १९९१ च्या जमीन वापर नियमन कायद्याने मनाई आहे. मात्र या सगळ्यात एक प्रश्न मागे राहतो. मैदान तयार झाल्यानंतर ते मैदान म्हणून टिकवण्यासाठी दररोज काय करावे लागते? इमारत एकदा बांधली की तिची देखभाल वर्षातून काही वेळा होते. गोल्फचे मैदान जिवंत असते. त्याला एक आठवडा कोणी हात लावला नाही तर त्यावर नीट खेळता येत नाही, आणि एक पावसाळा हात लावला नाही तर ते मैदान राहत नाही. त्याचा खरा भार गावावर, पाण्यावर आणि मजुरांवर पडतो तो या रोजच्या निगेतून. म्हणून ही निगा कशी चालते, याची तपशीलवार माहिती येथे दिली आहे.

मैदानाचे भाग

पूर्ण मैदान अठरा होलांचे असते आणि त्याला साधारण चाळीस ते साठ हेक्टर जागा लागते. लहान मैदाने नऊ किंवा बारा होलांची असतात. गोव्यात सासष्टीतील मोबोर आणि काणकोणमधील राजबाग येथील समुद्रकाठच्या हॉटेलांच्या आवारात अशी लहान मैदाने झाली. प्रत्येक होलचा पहिला फटका जेथून मारतात ती सपाट जागा म्हणजे टी. तेथून पुढे नीट कापलेल्या गवताचा लांब पट्टा असतो, तो फेअरवे. त्याच्या दोन्ही बाजूंना उंच ठेवलेले गवत म्हणजे रफ. शेवटी गालिच्यासारखे गुळगुळीत ग्रीन असते आणि त्यात तो प्रसिद्ध खळगा. या खळग्याचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. १८९१ साली स्कॉटलंडमध्ये ठरलेले हे माप आजही जगभर कायम आहे. मधूनमधून वाळूचे खड्डे असतात, त्यांना बंकर म्हणतात.

निगेच्या दृष्टीने या भागांचे महत्त्व क्षेत्रफळाच्या अगदी उलट आहे. अठरा ग्रीन एकत्र केली तर ती जेमतेम हेक्टरभर भरतात, संपूर्ण मैदानाच्या दोन-तीन टक्के. परंतु मैदानावरील निम्मे लक्ष या तुकड्यांवरच खर्च होते. रफमधील गवत चार-पाच सेंटिमीटर किंवा त्याहून उंच चालते. फेअरवेवर ते दहा ते पंधरा मिलिमीटर ठेवतात. ग्रीनवरील गवताची उंची मात्र तीन-चार मिलिमीटर. इतके आखूड कापल्यावर पानाला अन्न तयार करण्यासाठी जागाच उरत नाही. मुळे उथळ राहतात, उन्हाचा चटका आणि बुरशी यांचा पहिला मार तेथेच बसतो. थोडक्यात, ग्रीन म्हणजे कायम अतिदक्षता विभागात ठेवलेले गवत होय.

हे गवत कोणते?

मराठी वाचकाला येथे गंमत वाटेल. उष्ण प्रदेशातील बहुतेक गोल्फ मैदानांवर जे गवत लावतात, ज्याला इंग्रजीत बर्म्युडा म्हणतात, ती आपली हरळी आहे. गणपतीला वाहतो त्या दूर्वा हीच वनस्पती. शेतकरी हिला शिव्या देतो, कारण कांड्याचा एक तुकडा जमिनीत राहिला तरी ती पुन्हा फुटते. जो गुण शेतात शाप ठरतो तोच मैदानावर वरदान ठरतो. तुडवली, कापली, उखडली तरी ती आडवी पसरत राहते.

मैदानावर लावतात ती मात्र रानातील हरळी नव्हे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथील संशोधन केंद्रात साध्या हरळीचा आफ्रिकेतील बारीक पानांच्या एका जातीशी संकर करून नव्या जाती निघाल्या. टिफवे, टिफड्वार्फ अशी त्यांची नावे त्या गावावरूनच पडली. या संकरित जातींना बी धरत नाही. त्यामुळे त्यांची लागवड कांड्यांचे तुकडे लावून किंवा तयार हिरवळीचे चौकोन अंथरूनच करावी लागते. नुकसान झालेली जागा भरण्यासाठी मैदानाच्या कडेला स्वतःची रोपवाटिका ठेवणे म्हणूनच आवश्यक असते. समुद्रकाठी, जेथे विहिरीचे पाणी मचूळ आहे, तेथे खारेपणा सोसणारे पास्पालम जातीचे गवत वापरतात. दोन्ही गवतांना भरपूर ऊन लागते. दाट झाडीच्या सावलीत ती विरळ होतात. नव्या मैदानासाठी झाडे का तोडली जातात, याचे एक उत्तर खेळाच्या वाटेत आहे आणि दुसरे गवताच्या या स्वभावात.

पहाटेपासूनचे काम

मैदानावरील दिवस खेळाडूंच्या आधी, पहाटे सुरू होतो. पहिली फेरी पाहणीची. डिसेंबर-जानेवारीत ग्रीनवर दव पडते. ते बांबूच्या लांब लवचिक काठीने किंवा ओढलेल्या नळीने झटकून काढतात. दव गवतावर तासन् तास राहिले तर बुरशीला आयते निमंत्रण मिळते. शिवाय ओले गवत नीट कापले जात नाही. जाणता माळी हे दव झटकण्याआधी बारकाईने पाहतो. कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी तंतुमय झाक कोठे दिसली तर तेथे बुरशीची सुरुवात झाली आहे, हे त्याला कळते. दोन दिवसांनी जे पिवळे वर्तुळ सर्वांना दिसणार, ते त्याला आज दिसते.

त्यानंतर कापणी. ग्रीन रोज कापावे लागते, टी आणि फेअरवे आठवड्यातून दोन-तीनदा. यासाठी लागणारे यंत्र घरच्या बागेतील फिरत्या पात्याच्या यंत्राहून वेगळे असते. त्यात सर्पिल पात्यांचा दंडगोल फिरतो आणि खालच्या स्थिर पात्यावर गवत कात्रीसारखे कापले जाते. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये त्याचे पेटंट घेतले. कापडगिरणीत लोकरी कापडावरचे तंतू छाटणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. त्याआधी स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या माळांवर ही कामगिरी मेंढ्या करीत. पाती बोथट असली तर गवत कापले न जाता फाटते, त्याची टोके तपकिरी पडतात आणि रोग शिरतो. त्यामुळे पात्यांना धार लावणे आणि वरच्या-खालच्या पात्यांतील फट जुळवणे हे काम मैदानाच्या कार्यशाळेत अखंड चालू असते. कापण्याची दिशाही रोज बदलतात, नाहीतर गवत एकाच बाजूला झोपते आणि चेंडू त्या ओढीने वळतो. एका वेळी पानाच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापू नये, हा जुना नियम आहे. पावसाळ्यात तो पाळणेच कठीण होते, कारण गवत सर्वाधिक वाढते तेव्हाच जमीन इतकी ओली असते की यंत्र आत नेता येत नाही.

कापणीनंतर खळगा हलवतात. एकाच खळग्याभोवती दिवसभर पावले पडली तर तेथील गवत मरते, म्हणून त्याची जागा वारंवार बदलावी लागते. पोकळ दंडगोल अवजाराने नवा खळगा कापून, निघालेली मातीची कांडी जुन्या खळग्यात बसवतात आणि पाणी देतात. ती कांडी केसभर वर राहिली तर यंत्राचे पाते तिचा माथा छाटते, खाली गेली तर चेंडू अडखळतो. हे काम ज्याच्या हाती असते त्या कामगाराचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने बसलेला असतो. बंकरमधील वाळू दाताळ्याने सारखी करणे, टीवरील खुणा सरकवणे, फटक्यांनी उडालेल्या हिरवळीच्या जागी वाळू भरणे ही कामे त्या मागोमाग होतात.

ग्रीनवर चेंडू किती वेगाने धावतो, हेही मोजतात. त्यासाठी खाच असलेली एक साधी पट्टी वापरतात. ठरावीक कोनात तिरपी करताच तिच्यावरून चेंडू घरंगळतो आणि तो किती फूट गेला, एवढेच मोजायचे. एडवर्ड स्टिम्पसन या हौशी अमेरिकी खेळाडूने १९३५ मध्ये ही युक्ती काढली. तिचा हेतू सर्व ग्रीन सारखी आहेत का, हे तपासण्याचा होता. पुढे वेग वाढवणे हीच प्रतिष्ठा झाली आणि गवत अधिकाधिक आखूड होत गेले. निगेचा खर्च, पाणी आणि औषधे यांच्या वाढीमागे ही प्रतिष्ठेची चढाओढ मोठ्या प्रमाणात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जमिनीखालचे काम

माणसे आणि यंत्रे यांच्या वजनाने जमीन घट्ट होत जाते. मुळांना हवा मिळेनाशी होते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती स्थिती, म्हणजे मुळाशी ओलावा आणि हवा यांचा मेळ, मैदानावर कृत्रिमरीत्या टिकवावी लागते. त्यासाठी वर्षातून एक-दोनदा पोकळ दातांच्या यंत्राने ग्रीनमधून बोटभर जाडीच्या मातीच्या कांड्या उपसतात आणि ती छिद्रे वाळूने भरतात. शिवाय वर्षभर थोड्याथोड्या दिवसांनी वाळूचा पातळ थर पसरतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये जी रचना प्रसिद्ध केली, तिच्यात ग्रीनच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्याच्या नळ्या, त्यावर चार इंच खडी आणि त्यावर बारा इंच वाळूप्रधान मिश्रण असते.

हे बारा इंच गोव्याच्या संदर्भात नुसता तांत्रिक तपशील नाही. एक हेक्टर ग्रीनसाठी तीस सेंटिमीटरचा थर म्हणजे तीन हजार घनमीटर मिश्रण. टिपरमध्ये दहा घनमीटर मावते असे धरले तर तीनशे फेऱ्या. हे झाले उभारणीपुरते. बंकरची वाळू आणि दरवर्षीचा वरचा थर वेगळा. समुद्रकाठची वाळू खारी, शिंपल्यांचे तुकडे असलेली, म्हणून ती चालत नाही. धुतलेली, ठरावीक जाडीची वाळू लागते. नदीतील रेतीचा उपसा हा गोव्यात न्यायालयापर्यंत गेलेला विषय असताना ही वाळू कोठून येणार, हा प्रश्न प्रत्येक प्रस्तावाला विचारला गेला पाहिजे.

जमीन बदलली की निगाही बदलते. हे समजण्यासाठी मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाचे, तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ परिसराचे उदाहरण घेता येईल. मराठी बोलणारी वस्ती असलेला हा सीमाभाग काळ्या, कापसाच्या जमिनीचा. ही माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेथे गोल्फचे काय, शाळेचे खेळाचे मैदानही मुरूम टाकून, चर काढून आणि दाबून घेतल्याशिवाय पावसाळ्यानंतर लवकर खेळण्याजोगे होत नाही. त्या भागात हिवाळ्याच्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा हरळीची वाढ मंदावते, रंग फिका पडतो आणि कापणीची गरज कमी होते. उन्हाळा मात्र अत्यंत कडक. गोव्यात हे दोन्ही टोकांचे ताण नाहीत. येथे गवत बारा महिने वाढते, म्हणजे कापणी बारा महिने आणि रोगाचा धोकाही बारा महिने. येथील जमीन जांभ्याची. जांभा दगड सच्छिद्र, त्यातून पाणी झरझर खाली उतरते. सड्यांवर पडलेला पाऊस जिरून पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतो, तो यामुळेच. सड्यावर मैदान केले तर पाण्याबरोबर खतातील नायट्रेटही त्याच वाटेने उतरू शकते.

पाण्याचा हिशेब

हिशेब कोणालाही करता येईल इतका सोपा आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात अशा गवतातून आणि जमिनीतून दिवसाला सुमारे पाच मिलिमीटर पाणी हवेत जाते. ग्रीन, टी आणि फेअरवे मिळून वीस हेक्टरांना पाणी द्यायचे ठरवले तर रोजची गरज दहा लाख लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटरचा निकष धरला तर हे सुमारे सात हजार चारशे लोकांचे पाणी. जलजीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी ५५ लिटरचा. त्या हिशेबाने अठरा हजारांहून अधिक लोकांचे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे खरे, पण त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मैदानाला पाणी लागते ते नोव्हेंबर ते मे या काळात, ज्या काळात गावच्या विहिरी तळ गाठतात.

पाणी रात्री किंवा पहाटे देतात, कारण वारा कमी असतो आणि बाष्पीभवन घटते. कोणत्या भागाला किती मिनिटे पाणी द्यायचे हे नियंत्रक ठरवतो. असे असले तरी ग्रीनवरील कोरडे ठिपके शोधून हाताने नळी धरणारा माणूस लागतोच. सांडपाणी प्रक्रिया करून वापरणे हा सर्वांत समंजस मार्ग आहे. त्यात नत्र आणि स्फुरद असल्याने खताचीही बचत होते. क्षारांचे प्रमाण मात्र सतत तपासावे लागते, कारण ते जमिनीत साठत जातात. समुद्रकाठी बोअरवेलचा उपसा वाढला तर खारे पाणी आत सरकते. खारेपणा सोसणारे गवत त्यातही जगेल, शेजारची माडांची बाग आणि पिण्याची विहीर जगेलच असे नाही. पावसाचे पाणी साठवणारी तळी मैदानातच असतात. ती सुंदर दिसतात, परंतु सात महिन्यांची तहान त्यांतून भागते का, हे त्यांच्या घनमीटरांवरून ठरते, छायाचित्रांवरून नव्हे.

पाणीच नको, असाही एक मार्ग भारतात होता. कोरड्या भागातील आणि लष्करी छावण्यांतील अनेक मैदानांवर ग्रीनऐवजी ब्राऊन असत. तेल मिसळलेली वाळू दाबून केलेला तो गुळगुळीत गोल. खेळ त्यावरही होत असे. वापरलेले तेल जमिनीत मुरवणे आज कोणी सुचवणार नाही, पण हिरवेगार दिसणे ही खेळाची अट नाही, एवढे त्यावरून दिसते.

खते, औषधे आणि फवारणारे हात

वाळूत अन्नद्रव्ये टिकत नाहीत, म्हणून ग्रीनला खत थोडेथोडे पण वारंवार द्यावे लागते. पावसाळ्याच्या ढगाळ दिवसांत ऊन कमी, ओल जास्त, त्यामुळे बुरशी आणि शेवाळ वाढते. पावसाच्या सुरुवातीला हुमणी मुळे खाते, लष्करी अळी एका रात्रीत पट्टाच्या पट्टा फस्त करते. लव्हाळा तर हरळीइतकाच चिवट. या सर्वांवर औषधे आहेत. उत्तम मैदाने ती शेवटचा उपाय म्हणून वापरतात. कापणीची उंची थोडी वाढवणे, सावली व वारा मोकळा करणे, पाणी कमी करणे आणि लव्हाळा खुरप्याने काढणे यांवर त्यांचा भर असतो. शेवटचे काम बहुधा स्त्रिया करतात, ओळीने बसून, उन्हात.

फवारणीतील धोका मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मैदानावरील मजुरालाही तीच काळजी लागते. मुखपट, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, फवारणीनंतर आंघोळीची सोय आणि वाऱ्याच्या दिशेचे भान. यातील कपडे कंत्राटदाराने दिले आहेत का आणि दमट हवेत ते घालून काम करणे शक्य होते का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. फवारलेल्या भागात खेळाडूंनी किती वेळ जाऊ नये याचा फलक लावतात. तोच फलक मजुरालाही लागू असला पाहिजे.

जपान, थायलंड आणि मलेशियातील कार्यकर्त्यांनी १९९३ मध्ये गोल्फ मैदानांविरुद्ध जी जागतिक चळवळ उभी केली, तिचा एक मुख्य आक्षेप या रसायनांबद्दलच होता.

प्रस्तावात काय पाहावे

भारतात गोल्फ जुना आहे. कोलकात्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरील सर्वांत जुना. मुंबईत विलिंग्डन क्लब आणि चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी, तर पुण्यात येरवड्याचे मैदान ही नावे परिचित आहेत. नवी मुंबईत खारघरच्या दरीत सिडकोने, म्हणजे सार्वजनिक संस्थेने मैदान केले. हैदराबादेत गोवळकोंड्याच्या नया किल्ला भागात मैदान झाले तेव्हा वारसास्थळी खोदकाम आणि पाण्याच्या वाहिन्या यांवरून आक्षेप निघाले. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही लोकांच्या तोंडी गोल्फ क्लब मैदानच आहे, तेथे आता रणजी सामने होतात. त्यामुळे प्रश्न खेळ चांगला की वाईट हा नाही.

ग्रामसभेपुढे प्रस्ताव आला तर नकाशाबरोबर निगेचा आराखडाही मागता येतो. पाणी मिळणारे क्षेत्र किती हेक्टर, एप्रिल-मे महिन्यांत रोजचे किती लिटर आणि ते कोणत्या स्रोतातून. वाळू कोणत्या परवान्याखाली. कोणती औषधे, वर्षातून किती वेळा, आणि आसपासच्या विहिरींचे पाणी उभारणीपूर्वी व नंतर कोण तपासणार. कायम कामगार किती, कंत्राटी किती. या रकान्यांत आकडे नसतील तर तो आराखडा अपुरा आहे. आणखी एक रकाना सहसा कोणी ठेवत नाही: मैदान बंद पडले तर पुढे काय. पाणी आणि कापणी थांबताच संकरित गवत पहिल्या उन्हाळ्यात करपते, पावसात बंकरमध्ये डबकी साचतात, निचऱ्याच्या नळ्या गाळाने भरतात. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत लव्हाळा आणि रानातील साधी हरळी तेथे शिरलेली असते. कुळागराची किंवा काजूच्या बागेची माती मात्र तेव्हा तेथे नसते. तिच्यावर तीन हजार घनमीटर वाळू आणि खडी असते.